वळचणीला उभं राहू नका!

मित्रमैत्रिणींनो, अचानक पाऊस आला आणि जवळ छत्री नसली तर तुम्ही काय करता? धावत जाऊन जवळच्या घराच्या वळचणीला उभे राहता. समोर पागोळ्या गळताहेत आणि आपण भिंतीला चिकटून कोरडे! आपल्याकडे वळचण म्हणजे आसरा. कुणी कुणाचा आधार घेतला तर 'तो अमक्याच्या वळचणीला गेला' असंसुद्धा आपण म्हणतो.

आमची एक वाचक मैत्रीण हिवाळ्यात आईबाबांबरोबर काश्मीरला जाऊन आली. तिने पत्रात लिहिलंय, "आम्ही राहिलो होतो तिथे दोन दिवस सारखा बर्फ पडत होता. तेव्हा आम्हाला कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. मी आणि माझा भाऊ घराच्या कडेला बर्फाचा बाहुला करायला बसलो, तर घरमालक चाचा ओरडतच बाहेर आले आणि त्यांनी आम्हाला पार अंगणाच्या मध्यावर नेऊन उभं केलं. 'छप्पर के नीचे नहीं,' एवढंच म्हणाले. ऊन पडल्यावर कसली भीती? आणि इतक्या थंडीच्या गावात घरांवर आपल्या शेडसारखा साधा पत्रा का घालतात?"

शाबास! प्रश्न असे विचारावेत. तिचे दोन्ही प्रश्न एकाच छपरावर बसलेत, म्हणून आपणही तिथेच चढू या. (मनातल्या मनात हं!)

आधी वजनाचं बघू. भुरभुरणारा बर्फ कापसासारखा दिसतो, पण तो कापूस नव्हे, पाणी आहे. दहा सेंटिमीटर जाडीचा ताजा बर्फ वितळवला तर साधारण एक सेंटिमीटर पाणी होतं. म्हणजे छपरावर फूटभर, ३० सेंटिमीटर बर्फ साचला, तर ते झालं तीन सेंटिमीटर पाणी. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकोनावर तीन सेंटिमीटर पाणी म्हणजे ३० लिटर, म्हणजेच ३० किलो. आता १० मीटर लांब, ८ मीटर रुंद असं मध्यम घर घ्या. करा गुणाकार. २,४०० किलो! आणि हे एका रात्रीतसुद्धा होऊ शकतं.

हा झाला ताजा बर्फ. पण बर्फावर बर्फ पडतो, खालचा थर दबतो, दिवसा थोडा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. असा मुरलेला बर्फ ताज्याच्या तिप्पट जड असू शकतो. त्याचा एक मीटर जाडीचा थर साचला, तर प्रत्येक चौरस मीटरवर ३०० किलो वजन पडतं. सिमेंटची सहा पोती! सगळ्या छपरावर मिळून २४ टन. चार-चार टनांचे सहा हत्ती तुमच्या घरावर येऊन बसले आहेत, आणि खाली तुम्ही गरम गरम चहा पीत आहात, असं डोळ्यांसमोर आणा. मग वासे कुरकुरायला लागतात.

म्हणून थंड मुलखातल्या माणसाला पहिली काळजी असते ती ह्या हत्तींना खाली उतरवायची.

जुन्या काश्मिरी घरांवर पत्रा नव्हता. लाकडी फळ्यांवर भूर्ज झाडाच्या सालीचे थर अंथरत. ज्या भूर्जपत्रांवर पूर्वी पोथ्या लिहीत, तीच ही साल. तिच्यातून पाणी झिरपत नाही. तिच्यावर मग मातीचा जाड थर. वसंत ऋतूत ह्या मातीतून गवत उगवे, ट्यूलिप आणि आयरिसची फुलंही फुलत. वॉल्टर लॉरेन्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८९५ साली काश्मीर खोऱ्यावर एक मोठं पुस्तक लिहिलं, त्यात अशा फुललेल्या छपरांचं वर्णन आहे. घराच्या डोक्यावर बाग! दिसायला किती छान. पण मातीच्या खडबडीत छपरावरून बर्फ घसरत नाही. माती आधीच जड, त्यात वर हत्ती. बर्फ पडला की घरातल्या माणसांनी वर चढायचं आणि लाकडी फावड्यांनी तो खाली ढकलायचा, दुसरा उपाय नव्हता.

पुढे पन्हळी पत्रा आला. वजनाला हलका, बसवायला झटपट, आणि उतार दिला की बर्फ आपला आपणच खाली येतो. खोऱ्यात आता जिकडे पाहावं तिकडे उंच आढ्याची, पत्र्याची छपरं दिसतात. तेव्हा मैत्रिणीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की हा पत्रा थंडी अडवण्यासाठी नाहीच. ते काम त्याच्या खालचा माळा आणि लाकडी छत करतं. पत्र्याचं काम बर्फाला घसरगुंडी करून देण्याचं.

पण थांबा. पत्रा इतका गुळगुळीत आहे, तर बर्फ पडता पडताच का नाही घसरत? दोन दोन दिवस वर बसून का राहतो?

इथे आपल्याला कुल्फीवाल्याची मदत घ्यावी लागेल. कुल्फीवाला मटक्यातून साचा काढतो आणि उलटा धरतो. कुल्फी पडते का? मुळीच नाही. ती साच्याला घट्ट चिकटलेली असते. मग तो साचा दोन्ही तळव्यांत धरून चोळतो, किंवा पाण्यात बुचकळतो. साचा धातूचा, तो लगेच तापतो. कुल्फीचा अगदी बाहेरचा, कागदाएवढा पातळ पापुद्रा वितळतो, आणि अख्खी कुल्फी सुळ्ळकन बशीत येते. अख्खी बरं का! थोडी थोडी नाही.

छपरावर हेच घडतं. कडाक्याच्या थंडीत बर्फाचा सर्वांत खालचा थर पत्र्याला गोठून चिकटतो. वरचे कण हळूहळू एकमेकांना चिकटतात आणि भुसभुशीत भुकटीची एकसंध लादी तयार होते. मग ऊन पडतं. आढ्याजवळ पत्र्याचा एखादा तुकडा उघडा असतो, तो पटकन तापतो, कारण पातळ धातूतून उष्णता भराभर पसरते. घरात बुखारी, म्हणजे लाकडाची शेगडी पेटलेली असली तर खालूनही ऊब लागते. लादीच्या पोटाखाली पाण्याचा पातळ थर तयार होतो. घर्षण जवळजवळ नाहीसंच होतं. आणि मग काही टन वजनाची ती लादी अख्खीच्या अख्खी निघते!

बर्फ पडत असताना धोका मुळीच नसतो असं समजू नका, पण खरी वेळ ती नंतरची. आकाश निळंभोर झालंय, सगळीकडे चकचकीत पांढरं, मुलं घरात कोंडून कंटाळलेली. खेळायला बाहेर पडावंसं वाटणारी वेळ आणि छप्पर मोकळं होण्याची वेळ एकच! चाचांना हे माहीत होतं. छपरावरून 'घर्रर्र' असा आवाज येतो, पण तो ऐकून वर बघेपर्यंत बर्फ खाली आलेला असतो.

किती जोराने येतो? दुमजली घराची वळचण जमिनीपासून सहा मीटर उंच धरा. तिथून सुटलेली वस्तू जमिनीवर पोचते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे ४० किलोमीटर झालेला असतो. बादलीभर मुरलेला बर्फ साडेचार किलोंचा. अशा शेकडो बादल्या एकदम. शिवाय लादी घसरत येते, त्यामुळे ती सरळ खाली न पडता उडी मारल्यासारखी भिंतीपासून दोन-तीन मीटर, कधी त्याहूनही पुढे पडते. म्हणजे 'मी भिंतीला लागून नव्हतो, चार पावलं दूर होतो' असं म्हणणाऱ्याच्या नेमकी डोक्यावर! आणि पडल्याबरोबर हा बर्फ इतका घट्ट बसतो, की कमरेपर्यंत अडकलेल्या धट्ट्याकट्ट्या माणसालाही एकट्याने बाहेर निघता येत नाही. फावडं लागतं, आणि ते चालवणारं दुसरं कुणीतरी लागतं.

आपल्या पागोळ्यांचंही तिकडे वेगळंच रूप. छपराच्या वरच्या भागात वितळलेलं पाणी वळचणीशी येतं, तिथे गारठा असतो, आणि थेंब गळता गळताच गोठतो. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. हातभर लांब, भाल्यासारख्या टोकदार पागोळ्या लटकू लागतात. काश्मिरी भाषेत त्यांना 'शिशरगांठ' म्हणतात. शिशिर ऋतूची आठवण होते ना? फोटोत फार सुंदर दिसतात. पण त्यांच्याही खाली उभं राहायचं नाही, आणि काठीने पाडायच्या तर मुळीच नाहीत.

गल्लीबोळांच्या गावात आणखी एक पंचाईत. माझ्या छपराने बर्फ टाकला तो पडला तुमच्या अंगणात, तुमच्या सफरचंदाच्या रोपावर. मग काय होणार? भांडण! पावसाचं पाणी शेजाऱ्याकडे सोडलं म्हणून आपल्याकडे होतात ती भांडणं आठवा, आणि पाण्याऐवजी बारा टनांची लादी धरा.

छपरावरच्या बर्फाशी माणूस कसा झगडतो हे बघायचं तर जपानमध्ये जायला हवं. त्यांच्या होन्शू ह्या मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर जगात क्वचितच कुठे पडत असेल एवढा बर्फ पडतो. कारण कळायला आपल्या सह्याद्रीकडे बघा. अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आलेला वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो आणि कोकणात धो धो पाऊस पाडतो. तिकडे हिवाळ्यात सैबेरियातून बोचरा वारा निघतो, वाटेत जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतो आणि होन्शूच्या डोंगरांना अडतो. फक्त पावसाच्या जागी बर्फ! नीगाता प्रांतातल्या ताकादा गावात २६ फेब्रुवारी १९४५ ला जमिनीवर ३७७ सेंटिमीटर बर्फ साचलेला मोजला गेला. तुमच्या वर्गाचं छत बहुधा याहून खाली असेल.

ह्या ताकादात जुन्या दुकानांची वळचण रस्त्याच्या बाजूला चांगली पुढे आणून, खांब देऊन तिचे लांबच लांब मांडव केलेले आहेत. त्यांना 'गांगी' म्हणतात. छपरांवरचा बर्फ रस्त्यावर ढकलला की रस्ता बंद होई. पण लोक आपले गांगीखालून दूध आणायला, शाळेत जायला मोकळे. वळचणीला उभं राहायचं असेल तर ती अशी हवी!

तिथून दूर डोंगरात शिराकावा-गो नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या घरांची छपरं गवताची आहेत आणि इतकी उभी, की दोन हात जोडून नमस्कार करावा तशी दिसतात. त्यांच्या बांधणीचं नावच मुळी 'जोडलेल्या हातांची'. गवत खडबडीत, त्यावरून बर्फ घसरवायचा तर उतार असाच उभा लागतो. १९९५ साली युनेस्कोने हे गाव जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. पत्र्याला एवढा उभा उतार लागत नाही, म्हणून आता जपानी खेड्यांतही पत्र्याची छपरं पुष्कळ आहेत.

तरीही छपरावर चढावं लागतंच. फार थंडी असली तर बर्फ सुटत नाही, किंवा खाली आधीच पडलेल्या बर्फाचा ढीग वळचणीला येऊन टेकतो आणि वरच्याला उतरायला जागाच उरत नाही. मग फावडं घेऊन वर जायचं. ह्या कामाला जपानीत 'युकिओरोशी', म्हणजे बर्फ उतरवणं, म्हणतात. कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात ना, कौलं काढून पुन्हा नीट बसवतात, तसंच हे वर्षाचं काम. फरक एवढाच की शाकारणी एकदा केली की झाली. युकिओरोशी एका हिवाळ्यात चार-पाच वेळासुद्धा करावी लागते, तीही निसरड्या पत्र्यावर.

२००५-०६ च्या हिवाळ्यात जपानमध्ये बर्फाने १५२ माणसं दगावली. त्यांतले बहुतेक लोक हिमकड्याखाली सापडलेले गिर्यारोहक नव्हते. ते आपल्याच घराचा बर्फ काढत होते. कुणी छपरावरून घसरून पडलं, कुणी खाली उभं असताना वरची लादी अंगावर आली. आणि त्यांत म्हाताऱ्या माणसांची संख्या फार मोठी होती. खेड्यांतली तरुण मंडळी कामासाठी शहरांत गेलेली, घरी आजी-आजोबा उरलेले. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांत हेच चित्र आहे. मुलगा मुंबईत आणि सत्तरीचे आजोबा शिडी लावून कौलांवर! जपानमध्ये आता गावोगावचे स्वयंसेवक अशा घरांचा बर्फ उतरवायला जातात. कमरेला दोर बांधा, एकट्याने चढू नका, खाली कुणीतरी उभं असू द्या (अर्थात लांब!), असं सरकारही परत परत सांगतं.

तुमच्यातले हुशार लोक विचारतील, बर्फ घसरूच दिला नाही तर? तेही करतात. छपरावर आडव्या नळ्या किंवा धातूचे छोटे अडसर बसवतात. बर्फ त्यांना अडतो आणि वितळून थोडा थोडा उतरतो. पण गणित बघा. आपल्या घराच्या एका बाजूला बारा टन बर्फ आहे आणि छपराचा उतार ३० अंशांचा. दहावीचे मित्र लगेच सांगतील की ३० अंशांचा साइन म्हणजे अर्धा. तेव्हा सहा टनांचा जोर उताराच्या दिशेने खाली ओढतो आहे. वळचणीशी एकच नळी लावली तर ती हा जोर कशी पेलणार? तीच उपटून बर्फाबरोबर खाली यायची. म्हणून अडसर आढ्यापासून वळचणीपर्यंत ओळींनी लावावे लागतात. आणि वजन तर घरावर राहतंच, त्यामुळे कैच्या आणि भिंती तशाच दणकट हव्यात.

सप्पोरो ह्या जपानच्या उत्तरेकडच्या शहराने असंच ठरवलं. तिथे दर हिवाळ्यात एकूण चार-पाच मीटर बर्फ पडतो आणि घरं एकमेकांना खेटून. बर्फ टाकणार कुठे? म्हणून तिथे अनेक घरांच्या छपरांचा उतार बाहेरच्या बाजूला नसून आत, मधोमध असतो. बर्फ वरच राहतो, थोडा वारा उडवून नेतो, बाकीचा वितळतो आणि मधल्या पन्हळीतून घराच्या आतल्या नळाने खाली जातो. आतली ऊब असल्यामुळे नळ गोठत नाही. मला ही युक्ती फार आवडते. शेजाऱ्याशी भांडणच नको!

मात्र हत्ती डोक्यावर ठेवायचे तर घर त्यांच्या मापाचं हवं. त्याच २००६ सालच्या जानेवारीत, २८ तारखेला, पोलंडमधल्या कातोवित्से शहराजवळ एका प्रचंड मोठ्या सभागृहाचं छप्पर बर्फाच्या भाराने कोसळलं. आत कबुतरांचं प्रदर्शन भरलं होतं. ६५ माणसं गेली. छपरावरचा बर्फ वेळेवर काढलेला नव्हता, आणि चौकशीत इमारतीच्या आराखड्यातच चुका निघाल्या.

आता घरी करायचा प्रयोग. स्टीलचं एक ताट घ्या, सपाट बुडाचं. बर्फाचा चुरा करून त्यावर दोन बोटं जाड थापा, थोडं पाणी शिंपडा आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ताट बाहेर काढून लगेच तिरकं धरा. कंपासपेटीतला कोनमापक लावून पाहा, ४० अंशांपर्यंत तिरकं केलं तरी लादी हलणार नाही. आता तसंच तिरकं धरून ताटाच्या पाठीवरून पेलाभर कोमट पाणी सोडा आणि मनात आकडे मोजा. लादी किती आकड्यांनंतर सुटली, ते वहीत लिहा. मग हाच प्रयोग ताटावर आधी गोणपाटाचा तुकडा घट्ट बांधून, त्यावर चुरा थापून करा. दोन आकड्यांत किती फरक पडला ते आम्हाला पोस्टकार्डावर कळवा. प्रयोग मोरीत करायचा, ओट्यावर नाही. आणि ताट रोजच्या जेवणाचं असेल तर आईला आधी विचारा, नाहीतर वेगळाच गडगडाट ऐकू येईल.